निराधारचा पगार : यवतमाळ जिल्ह्यातील अपंगांच्या मासिक अनुदानाचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण वऱ्हाडातल्या कापसाच्या बाजारपेठांबद्दल बोललो होतो. तेव्हा शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं की, जिनात ज्याचा हात गेला त्याचं पुढे काय व्हायचं? त्या दिवशी आम्ही दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे झालो. घरी गेल्यावर मात्र ते उत्तर आमचं आम्हालाच पटेना. म्हणून आज विषयच तो घेतलाय. अंगाने अधू असलेला माणूस, त्याच्या हातात दरमहा येणारा थोडासा पैसा, आणि त्या पैशात त्याने चार माणसांसारखं नीट जगणं. जिल्हा आपला यवतमाळ.

सुरुवात एका शब्दापासून करू. तहसील कार्यालयातल्या कागदावर या पैशाला 'अनुदान' किंवा 'अर्थसहाय्य' म्हणतात. गावात असं कोणी म्हणत नाही. बँकेच्या ओट्यावर बसलेल्या बायाबापड्या एकमेकींना विचारतात, "पगार झाला का वो?" निराधारचा पगार, श्रावणबाळचा पगार. बाहेरून आलेल्या माणसाला हे ऐकून हसू येतं. आम्हाला मात्र त्या शब्दात बरीच समज दिसते. दया म्हणून टाकलेल्या पैशाला माणूस पगार म्हणत नाही. पगार ठरलेला असतो, महिन्याचा असतो, आपल्या नावावर असतो, आणि तो येणार आहे एवढ्या भरवशावर दुकानदार मिठाची पुडी उधार देतो. सरकारने दिलेला शब्द 'निराधार', लोकांनी दिलेला शब्द 'पगार'. आजचं व्याख्यान म्हणजे या दोन शब्दांच्या ओढाताणीचा इतिहास आहे म्हणा ना.

आता थोडं मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकात आपला जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जात होता. यवतमाळ हे नाव १९०५ साली आलं, त्याच वेळी पुसद तालुकाही आपल्याकडे जोडला गेला. त्याच्याही आधी, वाफेवरचे जिन येण्यापूर्वी, कापसातून सरकी काढायचं काम हाताने फिरवायच्या चरकीवर व्हायचं. सूत घरी काततात तेही बसूनच. या कामांना पाय लागत नाहीत. पाय अधू असलेली बाई, म्हातारा माणूस, एका डोळ्याने कमी दिसणारा, अशांनाही घरच्या कामात हात लावता येत होता. आम्ही जुन्या गावगाड्याचं गोडगोड चित्र काढतोय असं समजू नका. त्याच गावगाड्यात महारोग झालेल्याला शिवेबाहेर काढत होते, आणि कोणाच्या हातचं काय चालतं नि काय चालत नाही हे जातीवर ठरत होतं. आमचं म्हणणं एवढंच की, अपंगत्व किती हे फक्त शरीरावर ठरत नाही, गावात कामं कोणत्या प्रकारची आहेत त्यावरही ठरतं. जिन आले, काम घरातून उठून पत्र्याच्या शेडमध्ये गेलं, आणि बसल्या जागी मिळणारी कमाई आटली. पुढे सगळी मजुरी उभ्याची आणि वाकायची: निंदण, डवरणी, वेचणी, बोजे उचलणं.

या माणसांची सरकारी कागदावर पहिली मोठी नोंद होते ती दुष्काळात. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने आयोग नेमला, १८८० साली त्याचा अहवाल आला आणि १८८३ पासून प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. १८९६-९७ चा आणि त्याहून भयंकर असा १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडाने या संहितांच्या चौकटीत सोसला. संहितेचा हिशेब साधा होता. ज्याच्या अंगात काम करायची ताकद आहे त्याने खडी फोडायची, तलाव खणायचा, तेव्हा त्याला मजुरी. जे आंधळे आहेत, पांगळे आहेत, अतिशय म्हातारे आहेत, वेडसर आहेत, त्यांना काम न करता मदत. पण त्यात एक अट होती, आणि आज आम्हाला तिच्याकडेच बोट दाखवायचंय. अशा माणसाला पोसायची जबाबदारी असलेले आणि पोसू शकणारे नातेवाईक असतील, तर सरकार पोसणार नाही. म्हणजे नुसतं आंधळं असून भागत नव्हतं. आंधळं आणि एकटं असावं लागायचं. गावच्या यादीत कोणाचं नाव घालायचं हे बघणार कोण, तर पाटील आणि पटवारी. १८८३ आणि आज यांत दीडशे वर्षांचं अंतर पडत आलं, तरी आपल्याकडे लोक तलाठ्याला अजून पटवारीच म्हणतात आणि चौकशीला अजून तोच येतो.

दुष्काळ संपला की ही मदत बंद. कायमचं अपंगत्व असलेल्या माणसाला कायमचा पैसा, ही कल्पना अजून कोणाच्या डोक्यात नव्हती.

मग जिनात हात गेलेल्याचं काय? मागच्या वेळच्या प्रश्नाचं उत्तर इथे येतं. १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी इथले जिन-प्रेस यंत्रावर चालणारे, म्हणून तिथला मजूर या कायद्यात बसत होता. कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. त्यात शरीराच्या एकेका अवयवापुढे टक्केवारी लिहिलेली आहे. वेळोवेळी आकडे बदलले. आजच्या परिशिष्टात अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, दुसरा डोळा शाबूत असून एक डोळा गेला तर ४० टक्के कमाईची ताकद गेली असं धरतात. वाचताना कसंसंच होतं, मान्य आहे. पण त्या काळात ही मोठी गोष्ट होती. मजुराच्या अंगठ्याला पहिल्यांदा मालकाच्या खर्चाच्या वहीत जागा मिळाली.

यात दोन उणिवा राहिल्या. पहिली म्हणजे ही रक्कम एकदाच मिळायची. एकरकमी पैसा आपल्या घरात कसा खर्च होतो हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. जुनं कर्ज, बहिणीचं लग्न, घरावरचे टिन, आणि वर्षभरात हात रिकामे. दुसरी उणीव मोठी होती. वावरात काम करणारा मजूर यात जवळजवळ नव्हताच. पुढे ट्रॅक्टरसारख्या यंत्रावर काम करणाऱ्यांना घेतलं, पण बैलाने मारलं, विळा लागून बोट गेलं, झाडावरून पडून कंबर मोडली, हे कायद्याच्या बाहेर राहिलं. आपला जिल्हा शेतीवर जगणारा. त्यामुळे बहुतेक सगळे बाहेरच. आज शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. दोन अवयव गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. पण तीही एकरकमी, आणि तीही सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला किंवा त्याच्या घरच्या माणसाला. भूमिहीन मजुराचं काय हा प्रश्न तिथेच आहे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्या आजूबाजूला एक वेगळाच प्रयोग झाला, त्याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. यवतमाळपासून शंभरेक किलोमीटरच्या आत तीन ठिकाणं आहेत. वर्ध्याजवळ दत्तपूर, १९३६ साली मनोहर दिवाणांनी सुरू केलेलं कुष्ठधाम. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन. आणि वणीहून नदी ओलांडली की वरोऱ्याचं आनंदवन. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. सोबत सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये, ही गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली असेल. त्या काळी १८९८ चा महारोग्यांचा कायदा अंमलात होता आणि भीक मागणाऱ्या रुग्णाला पकडून कोंडता येत होतं. हा कायदा केंद्राने रद्द केला तो थेट २०१६ साली! अशा काळात या तिघांनी रुग्णाच्या हातात भाकर न ठेवता कुदळ ठेवली. कमी पैशात सन्मानाने कसं जगता येतं, याचं आपल्या भागातलं सर्वांत मोठं उदाहरण तेच आहे, यात वाद नाही.

तरीसुद्धा आम्हाला एक गोष्ट नेहमी टोचते. आनंदवनात जायचं म्हणजे गाव सोडायचं. आईबाप, भाऊ, वावराचा बांध, पोळ्याला दारात येणारी बैलजोडी, सगळं सोडायचं. कुष्ठरोग्याला गावाने आधीच टाकलेलं असायचं, त्याच्यासाठी ते घर मिळणंच होतं. पण पोलिओने पाय गेलेली पोर, मोतीबिंदूत डोळे गेलेला काका, यांना गावातच राहायचं होतं. त्यांच्या जगण्याचं उत्तर आश्रमात नव्हतं. ते घरातच मिळायला हवं होतं, आणि त्यासाठी महिन्याचा पैसा लागत होता.

राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, म्हातारपण, आजार आणि विकलांगता या प्रसंगी लोकांना सरकारी मदतीचा हक्क मिळवून द्यावा असं लिहिलंय. आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, असंही लिहिलंय. ही मर्यादा ओलांडायला महाराष्ट्राला ३० वर्षं लागली. मधल्या काळात जे झालं त्याचा आपल्या जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. १९७२ चा दुष्काळ त्यांच्या काळातला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. देशाने पुढे ज्याची नक्कल केली असा हा कायदा. पण बघा, दुष्काळ संहितेतली जुनी विभागणी इथे परत डोकावते. रोहयोवर जाऊन माती उचलू शकतो त्याची सोय झाली. जो उचलू शकत नाही त्याचं काय?

त्याचं उत्तर १९८० साली आलं. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. अपंग, विधवा, दुर्धर आजार झालेले, अनाथ, सगळे एका छत्राखाली. सुरुवातीची रक्कम महिन्याला १०० रुपयांच्या आतली होती. पण संकट सरल्यावरही थांबणार नाही असा महिन्याचा पैसा, आणि तोही घरपोच, आपल्या खेड्यातल्या अपंगाला पहिल्यांदाच दिसला.

नाव मात्र 'निराधार'. योजनेचं दार अपंगत्वाने उघडत नाही, आधार नसण्याने उघडतं. उत्पन्नाच्या मर्यादेवर हे स्पष्ट दिसतं. इतर लाभार्थ्यांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. दिवसाचे ५८ रुपयेही होत नाहीत, आणि ते सगळ्या घराचे मिळून! अपंगांसाठी ही मर्यादा ५० हजार आहे, म्हणजे दिवसाचे १३७ रुपये. एका माणसाची एका दिवसाची मजुरी याहून जास्त आहे. म्हणजे घरातला दुसरा माणूस बाराही महिने कामावर जात असेल तर दाखला मिळवताना पंचाईत. दुष्काळ संहितेतलं 'पोसणारे नातेवाईक नसावेत' हे कलम नव्या कपड्यांत उभं आहे, असं आम्ही म्हणतो ते याचसाठी.

आता इथे थोडं थांबू, कारण जगण्याचा खरा प्रश्न इथेच आहे.

मारेगाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही एका मावशींकडे बऱ्याचदा गेलो. नाव सांगत नाही, एकदोन तपशीलही बदललेत. लहानपणी पोलिओ झाला, एक पाय गेला. लग्न झालं नाही. भावाच्या घरात राहतात. शिलाई मशीन आहे, हाताने फिरवायची. शाळेच्या गणवेशाच्या बाह्या, ब्लाऊजचे हूक, गोधड्या, असं काहीबाही चालतं. आम्ही गेलो तेव्हा पगार १,५०० होता. हिशेब त्यांनी तोंडपाठ सांगितला. तेल, चहापत्ती, साखर, मिरची-मसाला मिळून ६०० च्या आसपास. बचत गटाचे २००. पायाच्या जोडाचं चामडं-पट्टा, गोळ्या, यांना २०० ते ३००. लाईटच्या बिलात त्यांचा वाटा १५०. भाचीच्या वह्या-पेनांना १००. "आन् राह्यले ते माह्ये," असं म्हणून हसल्या. त्या उरलेल्या पैशांतून त्यांनी आधी कोंबड्या घेतल्या, मग एक बकरी. बकरी भाऊजय चारते, पिल्लू विकलं की निम्मे निम्मे.

या हिशेबात सगळ्यांत महत्त्वाचा आकडा कोणता, तर आमच्या मते भाचीचे १००. तो खर्च टाळता आला असता. पण त्या शंभरामुळे मावशी घरात खाणारं तोंड राहत नाहीत, देणारा हात होतात. भाचीच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा त्यांना बोलावून बसवलं गेलं. पंधराशे रुपयांत कोणी एकटं जगू शकत नाही. चार माणसांच्या घरात मात्र ते पंधराशे आपल्या नावावर येत असले तर जागा मिळते. धान्याला त्यांच्या नावावर अंत्योदयाचं कार्ड आहे, ३५ किलोचं. अलीकडे ते मोफत झालंय. एसटीत ७५ टक्के सवलत. एसटी गावात यायला हवी ही गोष्ट वेगळी. काळीपिवळीत सवलत नसते, उलट कुबडीची जागा धरून ड्रायव्हर कुरकुरतो.

आणि आता खरी गंमत, किंवा दुःख म्हणा. मावशींचं रेशन कार्ड भावापासून वेगळं आहे. कागदावर त्यांची चूल वेगळी. घरात चूल एकच, भाकरी एकाच तव्यावर. पण कागदावर त्या एकट्या आहेत, कारण एकटं असल्याशिवाय पगार नाही. ज्या घराच्या आधारावर तो पगार जगण्यापुरता होतो, ते घर कागदावर नाही असं दाखवावं लागतं. कोणी याला लबाडी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. आमच्या मते खोटेपणा मावशींचा नाही, त्या अटीचा आहे. एकट्या माणसाला पुरणार नाही एवढी रक्कम ठेवायची, आणि ती एकट्या माणसालाच द्यायची, हा हिशेब कोणत्याच इयत्तेत बसत नाही. शिवाय अलीकडे सगळं आधार कार्डाला जोडलंय. निराधार असल्याचं सिद्ध करायला आधार लागतो, हा विनोद यवतमाळच्या तहसील आवारात जुना झाला.

रकमेचा इतिहास पटकन सांगतो. बराच काळ ६०० रुपये. २०१९ मध्ये १,०००. २०२३ मध्ये १,५००. केंद्र सरकारचं अपंग निवृत्तिवेतन २००९ साली आलं, ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखाली असणं ही अट. आधी २००, मग २०१२ पासून ३००. ते ३०० अजून ३०० च आहेत. दिवसाचे १०. उरलेलं राज्य घालतं.

टक्केवारीचंही तसंच. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले आणि ४० टक्क्यांची रेघ मारली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार २१ केले. त्यात सिकलसेल आला, ही आपल्या जिल्ह्यासाठी फार मोठी गोष्ट होती. कोलाम, गोंड, परधान वस्त्यांत आणि इतरही समाजांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. पण दुखण्याची लाट येते तेव्हा माणूस अंथरुणात तळमळतो, आणि मंडळासमोर उभा राहतो तेव्हा धडधाकट दिसतो. केळापूर, झरी जामणीकडच्या फ्लोराईडच्या पाण्याने ज्यांची हाडं ताठरली, पाठ वाकली, त्यांची अडचण उलटी. वाकलेली पाठ सगळ्यांना दिसते, पण फ्लोरोसिस नावाचा प्रकार २१ मध्ये नाही, तेव्हा चालण्याफिरण्याच्या अपंगत्वाच्या मापात किती बसते ते बघायचं. एकाच विहिरीचं पाणी प्यालेल्या दोन शेजाऱ्यांत एकाला ४२ आणि दुसऱ्याला ३८ टक्के मिळू शकतात. बेचाळीसवाल्याला पगार, अडतीसवाल्याला नमस्कार.

२०१७ चा पावसाळा तुम्ही विसरला नसाल. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात जागा उरली नव्हती. काहींना काही दिवस दिसेनासं झालं होतं. मेलेल्यांच्या वारसांना मदत जाहीर झाली. वाचलेल्यांत बरेच सालदार आणि रोजमजूर होते; कोणाचे हात पुढेही थरथरत राहिले, कोणाला उन्हात उभं राहवेना. अशा अर्धवट गेलेल्या ताकदीला आपल्या कोणत्याच कायद्यात नीट खाना नाही. त्यांच्यातल्या काही कुटुंबांची तक्रार २०२० साली संघटनांनी पार स्वित्झर्लंडपर्यंत नेली. गावातल्या पटवाऱ्यापेक्षा स्वित्झर्लंड जवळ वाटावं, असा तो काळ.

२०१६ च्या कायद्यातलं २४ वं कलम फार थोड्या लोकांनी वाचलंय. त्यात म्हटलंय की, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांग व्यक्तीला इतरांपेक्षा निदान २५ टक्के जास्त रक्कम द्यावी. कारण उघड आहे. मावशींना पायाचा पट्टा लागतो, तो शेजारच्या विधवा काकूंना लागत नाही. अपंगत्वाला स्वतःचा खर्च असतो हे कायद्याने पहिल्यांदा मान्य केलं. तरीही महाराष्ट्रात कितीतरी वर्षं दोघींना सारखेच पैसे मिळत राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी वेगळा विभाग जाहीर केला, रक्कम तीच. जून २०२५ मध्ये बच्चू कडूंनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं, जुलैत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या पापळ गावाहून आपल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या दिशेने पदयात्रा काढली. कर्जमाफीसोबत दिव्यांगांना ६ हजार द्या ही मागणी होती. राजकारण ज्याचं त्याने ठरवावं. पण कुबड्या आणि तीनचाकी घेऊन माणसं त्या रस्त्याला लागली हे इतिहासात लिहावं लागेल. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम १,५०० वरून २,५०० केली. दिवसाचे ८३. जुन्या मदतीत अपंगाला अपंग म्हणून वेगळं मोजलं गेलं ते असं, 'निराधार' शब्द आला त्याच्या ४५ वर्षांनी.

वाढीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारीख. ती कोणत्याच शासन निर्णयात ठसठशीतपणे दिसत नाही. पगार दोन-तीन महिने थकतो आणि मग एकदम जमा होतो. मंत्रालयातून बघितलं तर पैसे मिळालेच ना, बुडाले थोडेच? पण मावशींच्या बाजूने बघा. महिन्याचा पैसा तीन महिन्यांनी आला की तो पगार राहत नाही, ती एकरकमी भरपाई होते. जिनातल्या मजुराच्या पैशासारखी. दुकानदार पहिल्या महिन्यात काही बोलत नाही, दुसऱ्या महिन्यात वही पुढे करतो, तिसऱ्या महिन्यात तेल संपलंय म्हणून सांगतो. गटाचा हप्ता चुकतो, गटातल्या बायका तोंडावर बोलत नाहीत पण पुढच्या कर्जाला नाव मागे जातं. भाचीची वही भाऊ आणतो. पैसे आल्यावर उधारी फिटते. पण त्या तीन महिन्यांत घरातली जागा थोडी सरकलेली असते, ती व्याजासकट परत मिळत नाही.

वेळ संपत आली, एकदोन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न आलाय, ग्रामपंचायतीकडून काही मिळतं का? मिळायला हवं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची आहे, आधी हे प्रमाण ३ टक्के होतं. आपल्या छोट्या ग्रामपंचायतींचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, एखाद्या गाळ्याचं भाडं. त्याच्या ५ टक्क्यांत फार काही होत नाही. पण ग्रामसभेत तो खर्च कशावर झाला हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. एका गावात दरवर्षी सतरंज्या वाटतात. लोकांनी विचारायला सुरुवात केल्यावर पुढच्या वर्षी शाळेच्या पायऱ्यांजवळ उतार बांधला. सतरंजी विचारून वाटली असती तर कोणी घेतली असती का, हे आम्ही तिथे विचारलं, तेव्हा एकजण म्हणाले, "माह्या घरी सहा झाल्या."

दुसरा प्रश्न, वाढीव रक्कम अजून आली नाही, काय करावं? आधी बँकेत जाऊन खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बघा. आता पैसे थेट पोर्टलवरून येतात, जोडणी नसेल तर अडकतात. मग यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स घेऊन तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्या आणि पोच घ्या, कारण तुम्ही दिव्यांग म्हणून नोंदलेले आहात की दुसऱ्या गटात, यावर रक्कम ठरते. कार्डावरचं नाव आणि पासबुकावरचं नाव एकच आहे ना, हे घरूनच तपासून निघा. वणी, मारेगावकडच्या मंडळींनी सकाळची पहिली एसटी धरावी. दुपारच्या गाडीने गेलं तर खिडकी बंद होते.